बर्फात मिटलेली जाळी

१

बालाजीरावांनी काचेची बरणी माझ्यापुढे ठेवली. झाकण घट्ट लागलेलं होतं, आणि आत काहीच नव्हतं.

"सकाळीं यांत स्टेंट होता, अक्का," ते म्हणाले. "जेवून आलों तर ही अशी."

बालाजीराव आमच्या तंजावरकडच्या मराठी माणसांतले. चेन्नईत अंबत्तूरला त्यांचा लहानसा कारखाना आहे. हृदयाची झडप निकामी झाली तर आता दर वेळी छाती उघडावी लागत नाही. मांडीच्या रक्तवाहिनीतून नवी झडप आत नेता येते. ती जागेवर धरून ठेवायला धातूची पोकळ जाळी लागते, छोट्या मुकुटासारखी. तिलाच हे लोक स्टेंट म्हणतात. मिटून आत जायचं, मुक्कामाला पोचलं की उमलायचं आणि भिंतीला घट्ट धरून राहायचं, हे तिचं काम. बरणीतली जाळी नव्या घडणीची होती आणि तशी दुसरी अजून तयार नव्हती.

मी बँकेच्या दक्षता विभागातून निवृत्त झाले. घरातली गोष्ट घरातच शोधायची असली की ओळखीचे लोक मला बोलावतात.

"फाटक लगेच बंद केलं," बालाजीराव सांगू लागले. "सगळ्यांचे डबे, पिशव्या, खिसे पाहिले. खोल्या पाहिल्या. तपासणीच्या खोलीची किल्ली तिघांजवळ. गंधार, जननी, वादिराज. आणि चोर कोण तें मला ठाऊक आहे."

"कोण?"

"गंधार. बंगळुरूच्या कंपनीला चोरून मुलाखत देऊन आलाय. जाळी त्यानंच घडवली, आतां तिकडे घेऊन जाणार. सोमवारी सकाळीं पोलिसांत तक्रार देतों. सगळ्या कामगारांपुढे तसं सांगूनही टाकलं."

"त्याच्यादेखत?"

"त्याच्यादेखत."

मी बरणीचं झाकण पुन्हा लावलं. या धंद्यातली माणसं मोजकी, सगळी एकमेकांना ओळखणारी. असल्या तक्रारीत एकदा नाव गेलं की त्या मुलाला कुठलाही कारखाना दारात उभं करणार नव्हता.

"आज शनिवार," मी म्हटलं. "म्हणजे उद्याचा दिवस माझा. सोमवारी तक्रार द्यायला मी तुम्हाला अडवणार नाही. नाव मात्र मी देईन."

२

गंधार कराडचा. खुर्चीच्या अगदी टोकावर बसला होता, उठून जायला सांगतील अशा बेतानं.

"तुमच्याशी मराठीत बोललं तर चालेल, मॅडम?"

"माझ्या मराठीला हसणार नसाल तर चालेल."

त्याला हसू आलं नाही.

"बंगळुरूला गेला होतात?"

"गेलो होतो. नोकरी शोधणं गुन्हा आहे का?"

"नाही. लपवलंत कशाला?"

"साहेब चिडतात म्हणून. आता चिडलेच."

"जाळी शेवटची कधी पाहिलीत?"

"जेवायला जाण्याआधी. माझ्या हातानं बरणीत ठेवली. शपथ घेऊन सांगायचं का?"

"नको. मला एक सांगा, केवढी होती ती?"

त्यानं अंगठा आणि तर्जनी जुळवून कडं केलं. "साधारण एवढी. मनगटातली बांगडी लपत नाही, तशी हीसुद्धा खिशात लपायची नाही. मग फाटकावर दिसली कशी नाही, हेच मला कळत नाहीये. म्हणजे, एक वाट आहे. थांबा, दाखवतो."

तो उठला आणि टाकाऊ म्हणून बाजूला काढलेली एक जुनी जाळी घेऊन आला. एका वाडग्यात बर्फाचं पाणी होतं, त्यात ती सोडली. थोड्या वेळानं म्हणाला, "आता बोट लावा."

मघाशी तारेसारखी ताठ असलेली जाळी भिजल्या सुतळीसारखी मऊ पडली होती. त्यानं ती पाण्यातल्या पाण्यात चिमटीनं वळली. पेन्सिलीएवढी झाली आणि तशीच राहिली.

"हात पुढे करा. मूठ मिटू नका."

माझ्या तळहातावर त्यानं ती ठेवली. क्षणभर काही झालं नाही. मग ती जराशी हलली, एका टोकाकडून फुलू लागली, आणि बघता बघता पुरती उघडून माझ्या हातावर ताठ उभी राहिली. नमस्कार करावासा वाटला, एवढं खरं.

"भट्टीत तापवून हिला आकार शिकवलेला असतो," गंधारचा आवाज पहिल्यांदा सैल झाला. "थंडीत तो विसरते. ऊब लागली की आठवतो. रक्ताची ऊब लागली की आत उघडते ती अशीच."

"म्हणजे गार ठेवली तर पेन्सिलीएवढी होऊन बाहेर जाईल."

"जाईल. पण सतत बर्फात हवी. जरा गरम झाली की उघडलीच."

"हे तुम्ही मला सांगताय. सगळा संशय तुमच्यावर असताना."

"मग कोणावर असताना सांगू?"

मला हे उत्तर आवडलं. ज्यानं त्या वाटेनं चोरी केली असती, त्यानं ती वाट माझ्या तळहातावर उलगडून दाखवली नसती. पण आवडीनिवडीवर कोणी सुटत नाही.

"आज बर्फ कोणी नेला?" मी विचारलं.

"ते जननीला विचारा. बर्फाचं यंत्र तिच्या राज्यात आहे."

३

जाळी तयार झाली की तिच्या आत झडपेचे पातळ पडदे हातानं शिवावे लागतात. शिवणाऱ्या बायकांची प्रमुख जननी. चाळिशीची, ठसक्यात बोलणारी. आमचं बोलणं तमिळमध्ये झालं, ते मराठीत लिहिते.

"गंधारशी तुझं भांडण झालं होतं म्हणे."

"रोजच होतं, अम्मा. जाळीची भोकं बारीक ठेवतो. शिवणार मी का तो?"

"म्हणून जाळी नाहीशी केलीस?"

"नाहीशी कशाला करीन? चोरायचीच असती तर भोकं मोठी करून परत आणून ठेवली असती."

तिच्या हातात प्लास्टिकचा डबा होता. शिवणखोलीत फुलं माळून जायची परवानगी नाही, म्हणून इथल्या बायका मोगऱ्याचे गजरे शीतकपाटात ठेवतात आणि सुटी झाली की माळतात. मी हात पुढे केला. तिनं डबा दिला, पण तोंड वाकडं करून.

"फाटकावरच्या बाईनं आधीच उलगडून पाहिलाय. आता तुम्हीही बघा. पुन्हा गुंफून द्यायला कोणी येत नाही."

डबा गार होता. ओल्या केळीच्या पानात मोगरा. मी पान उचललं, फुलं चाचपली. फुलंच होती. आणि तो गारवा किती? पान माझ्या बोटांखाली तेवढ्यातच कोमट व्हायला लागलं होतं. एवढ्या गारव्यात ती जाळी मिटून राहिली नसती.

"जननी, आज बर्फ कोणी नेला?"

"पडदे गार ठेवायच्या तबकाला लागतो, तेवढा मी घेते. आज तोही वेळेवर मिळाला नाही." ती एकदम तापली. "वादिराज सार दोनदा येऊन घेऊन गेले. जेवणाच्या सुटीत एकदा आणि झडती सुरू झाल्यावर एकदा. त्यांच्या खोलीत कागद आणि पंखा. त्यांना कशाला लागतो बर्फ?"

४

वादिराज उत्पादनाचे प्रमुख. तेही तंजावरकडचे, पण माध्व वैष्णव घराण्यातले. दोन्ही कानशिलांवर गोपीचंदनाच्या मुद्रा, कपाळावर अंगाऱ्याची काळी उभी रेघ, आणि बोलणं मधाळ. टेबलावर अरुंद तोंडाचा पोलादी थर्मास होता.

"या अक्का, बसा. उन्हांतनं आलांत." त्यांनी दाराबाहेर आवाज दिला. "दोन काप्पी सांगा रे."

"मला नको," मी म्हटलं. "आज एकादशी."

"अय्यो, खरंच की." त्यांनी हात वर केला. "नको रे, एकही नको. मलाही उपवासच, अक्का. कामाच्या गडबडींत विसरायला होतं बघा."

मी मान हलवली. कॉफी आली नाही.

"गंधारविषयी काय वाटतं?"

"पोरगा हुशार. हुशार पोरांना घाई असते. इथं शिकायचं आणि तिकडं विकायचं." ते हळहळले. "मी बालाजीरावांना म्हटलंही होतं. माझी जाळी फुग्यानं उघडायची. आंत फुगा फुगवला की ती हवी तेवढीच उघडते, डॉक्टराच्या हातीं ताबा राहतो. पण आजकाल आपली आपण उमलणारी जाळीच सगळ्यांना गोड लागते. माझं काम बाजूला ठेवलं. सेरी, असो. देवाची इच्छा."

"राग आला असेल."

"राग कसला? वय झालं. पोरांना जागा द्यावी."

"आज बर्फ दोनदा नेलात म्हणे."

त्यांनी उत्तराला अजिबात वेळ घेतला नाही. "उपवासाच्या दिवशीं घसा वाळतो. बर्फाचं पाणी जवळ असलं की बरं वाटतं." बोलत असताना त्यांचा हात थर्मासच्या झाकणावर होता, आणि आम्ही बोलत होतो तोवर तिथेच राहिला.

सुटी झाल्यावर मी फाटकापाशी उभी होते. वादिराजांनी स्वतः होऊन पिशवी उघडली, डबा उघडला, थर्मासचं झाकण काढलं. पहारेकऱ्यानं आत डोकावलं. वरपर्यंत बर्फ. त्यानं मान डोलावली.

"चोर सापडेल, अक्का," जाता जाता वादिराज मला म्हणाले. "एकादशीच्या दिवशीं तुमची पावलं इथं लागलीं, हें कांही उगीच नाहीं."

मी त्यांना जाऊ दिलं. उपवासाला घोटभर गार पाणी जवळ बाळगणाऱ्या माणसाला मी कोणत्या तोंडानं अडवणार होते?

५

रविवारी सकाळी पूजा झाली, नैवेद्य झाला. द्वादशीचं पारणं किती वाजेपर्यंत करायचं ते पाहायला मी भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी गेले, आणि तिथेच उभी राहिले.

शनिवारच्या चौकोनात होतं, स्मार्त एकादशी. रविवारच्या चौकोनात, भागवत एकादशी.

तिथी दोन दिवसांत विभागून येते तेव्हा असं होतं. आम्ही स्मार्त, आमचा उपवास काल झाला. माध्वांचा आज. काल त्यांची दशमी. आणि त्यांच्या घरची एकादशी आमच्यासारखी फळांवर आणि दुधावर निभत नाही. पाण्याचा थेंबही नाही.

म्हणजे वादिराजांचा काल उपवास नव्हता, आणि असता तर थर्मास नसता. दोन कॉफी सांगणाऱ्या माणसानं माझ्या तोंडून एकादशी ऐकली आणि माझाच उपवास उसना घेतला.

मी पारणं केलं. व्रत अर्धवट ठेवून कामाला निघायचं नसतं. मग दोन फोन केले. बालाजीरावांना वादिराजांच्या घरी यायला सांगितलं. गंधार एग्मोरला दोन मित्रांबरोबर राहतो, त्याला म्हटलं, "स्वच्छ हातमोजे घे. अण्णा नगरहून निघते आहे, आधी तुला घेते."

टॅक्सीत त्यानं हातमोज्यांची पिशवी मांडीवर घेतली.

"काकू," मॅडमची काकू कधी झाली ते त्यालाही कळलं नसावं, "आईला अजून सांगितलेलं नाही. उद्या पेपरात आलं तर काय सांगू?"

"पेपरात यायचं नाही."

"तुम्हाला एवढी खात्री कशी?"

"खात्री नसती तर तुला झोपू दिलं असतं."

"आपण चाललोय कुठे?"

"एका घरी पाणी मागायला."

६

वेस्ट मांबलमच्या त्या घराच्या दारात रांगोळी ताजी होती. वादिराजांच्या पत्नीनं, तुळजानं दार उघडलं. चेहरा उपवासानं उतरलेला, पण हसरा.

"या, अक्का. हे पूजेला बसलेत. आज आमची एकादशी ना."

"काल नव्हती?"

"काल कशी? काल दशमी. एकदा जेवलों, बस्स. आज मात्र थेंब नाहीं. द्वादशीला उद्यां पहांटे तीर्थ घेतलं कीं मग."

मागून बालाजीराव येऊन पोचले. गंधारला पाहून त्यांनी कपाळाला आठी घातली, पण मी बसायची खूण केली तशी बसले.

"तुळजा, या मुलाला ऊन लागलंय. गार पाणी असेल?"

"पाहुण्यांना नाहीं कसं म्हणूं? आहे." ती स्वयंपाकघरात गेली. मीही मागोमाग गेले. तिनं फ्रीज उघडला. पाण्याच्या बाटलीशेजारी पोलादी थर्मास आडवा ठेवलेला होता.

"हा थर्मास फ्रीजमध्ये कशाला?"

"मलाही हसूं आलं. म्हटलं, गार ठेवायला थर्मास, तर थर्मास गार ठेवायला फ्रीज? हे म्हणाले, हात लावूं नकोस, कामाचं आहे."

"बाहेर घेऊन ये."

तुळजानं माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता आणला. तेवढ्यात वादिराज सोवळ्यातच देवघरातून आले. थर्मास टेबलावर, समोर गंधार, बाजूला बालाजीराव. ते उंबऱ्यातच थांबले.

"हें काय चाललंय, अक्का?"

"बसा. चुकलं तर तुम्ही मला थांबवा." मी बालाजीरावांकडे वळले. "तुमची जाळी फाटकातून एकाच रीतीनं जाऊ शकत होती. बर्फात, मिटून. जननीच्या डब्यात फुलं होती आणि गारवा जेमतेम. गंधारकडे बर्फ नव्हता, आणि बर्फाची युक्ती त्यानंच मला शिकवली. बर्फ होता एकाकडे. विचारलं तर उपवासाचं कारण मिळालं. पण तो उपवास माझा होता. यांच्या घरी आज आहे, आणि आज हे पाणीसुद्धा पीत नाहीत. मग कालचा बर्फ कोणासाठी? आणि सबंध घर निर्जळी असताना हा फ्रीजमध्ये कोणासाठी?"

मी थर्मास गंधारपुढे सरकवला.

"गंधार, उघड."

त्यानं हातमोजे घातले, झाकण काढलं, आणि स्वयंपाकघरातून आणवलेल्या भांड्यात पाणी ओतलं. बर्फाच्या उरल्या तुकड्यांबरोबर एक करडी काडी घरंगळत आली. त्यानं ती उचलून तळहातावर ठेवली आणि आम्ही सगळे बघत राहिलो. ती हलली, फुलली, उघडली.

"माझीच," तो म्हणाला.

बालाजीराव उठले. "कशासाठीं, वादिराज? कोणाला देणार होतां?"

"कोणाला नाहीं." वादिराजांचा मध आटला होता. "मला काय करायची आहे ती? शनिवारीं झडती लगेच सुरू झाली, तेव्हां जमलं नाहीं. सोमवारीं पोलीस येण्याआधीं याच्या खणांत ठेवणार होतों. सापडली असती, हा गेला असता, आणि माझी जाळी पुन्हा टेबलावर आली असती. ती वाईट नाहीं, बालाजीराव. तुम्ही कधीं नीट पाहिलीच नाहीं."

"म्हणून फ्रीज," मी म्हटलं. "आत उघडली असती तर थर्मासच्या भिंतीला धरून बसली असती. मिटलेली हवी होती, खणात ठेवेपर्यंत."

तुळजा टेबलाला टेकून उभी होती. नवऱ्याकडे पाहून, आवाज न चढवता म्हणाली, "चोरी केलीत तें तुमच्यापाशीं. माझ्या एकादशीची साक्ष कशाला काढलीत?"

वादिराज देवघराकडे वळले. मला वाटतं, चोरीचं उत्तर त्यांनी दिलं असतं.

बाहेर आल्यावर बालाजीरावांनी मला बाजूला घेतलं. "जुना माणूस आहे, अक्का. घरांतल्या घरांत मिटवूं का?"

"शनिवारी त्या मुलाला घरातल्या घरात चोर म्हणाला होतात?"

ते रस्त्याकडे वळले.

"तक्रार देणार म्हणून सगळ्यांना सांगितलंत. द्या. नाव तेवढं खरं घाला. आणि ज्यांच्यापुढे त्याला चोर म्हटलंत, त्यांच्यापुढेच ते परत घ्या."

७

सोमवारी सकाळी कामगार अंगणात जमले. बालाजीराव भाषण देणारे गृहस्थ नव्हेत. पाठीमागे हात बांधून त्यांनी तमिळमध्ये सांगितलं, "शनिवारी मी गंधारला चोर म्हटलं. ते खोटं होतं. चूक माझी." मग तेच त्याच्याकडे वळून मराठीत सांगितलं. बायकांत कुजबुज झाली आणि थांबली. पण दोनचार चेहरे अजून त्याच्याकडे तिरके बघत होते, हे मला दिसलं. कानांनी ऐकलेलं असं एका दमात पुसलं जात नाही.

बालाजीरावांनी बरणी आणवली. जाळी गंधारपुढे धरून म्हणाले, "घे बाबा. ठेव जागेवर. आजच शिवायला देऊं."

गंधारनं जाळी हातात घेतली, फिरवून पाहिली. एवढीशीही वाकलेली नव्हती.

"नाही, सर," तो म्हणाला. "ही बाहेर जाऊन आली. थर्मासमध्ये होती, भाजीबरोबर फ्रीजमध्ये होती. कुठे काय लागलं, मला सांगता यायचं नाही. जे मला सांगता येत नाही ते मी कोणाच्या हृदयात पाठवणार नाही."

"धुऊन, तपासून घेतली तर? इतकी मेहनत आहे रे तुझी."

"माझीच आहे."

त्यानं खिशातून धातू कापायची कातर काढली आणि जाळी मधोमध कापली. तार तुटल्याचा बारीक आवाज झाला. दोन्ही तुकडे त्यानं बालाजीरावांच्या हातावर ठेवले. जननीनं डोळ्यांना पदर लावला. मघाचे तिरके चेहरे मी पुन्हा शोधले, पण आता मला ते ओळखता येईनात. सगळे सारखेच दिसत होते.

गंधार आत गेला. काचेतून तो दिसत होता. नव्या जाळीसाठी नळी त्यानं साच्यावर चढवली, भट्टी सुरू केली आणि तापायची वाट बघत तिच्यासमोर उभा राहिला.